बसायचं काम

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माणसं मोजायला आलेली बाई मला न मोजताच निघून गेली. मी समोरच होते. हातात विळी नव्हती म्हणून वाचली.

वही नातीनं दिली. म्हणाली, आजी, दिवसभर जे पुटपुटतेस ते यात लिही, आम्हाला अभ्यास करू दे. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा अक्षर असंच येणार. ज्याला वाचवत नसेल त्यानं वाचू नये.

तर ती बाई. गळ्यात ओळखपत्र, हातात मोठा फोन. कुठल्या वयाची माणसं कुठल्या धंद्यात कामाला आहेत, कोणते धंदे वाढले, कोणते बुडाले, हे सरकारला हवंय म्हणे. दर तीन महिन्यांनी आमच्याच घरी येणार. एवढी गल्ली सोडून आम्हीच सापडलो.

उत्तरं सूनबाईनं दिली. स्वतःचं सांगितलं, पार्सलच्या गोदामात आहे, खोकी तपासून सरकत्या पट्ट्यावर लावते. बाईनं लगेच बोट आपटलं. पोरगी शिकते. मग विचारलं, “मिस्टर?”

“घरी बसलेत,” सून म्हणाली.

मुलगा तिथंच खाटेवर होता. उठला आणि आतल्या खोलीत गेला. आतल्या खोलीत बसायला जागा नाही, नुसती कपड्यांची रास आहे. उभाच राहिला असणार.

“आधी काय करायचे?”

“बाटल्यांच्या कारखान्यात. भट्टीवर.”

“हो का. या भागातल्या भट्ट्या सगळ्याच बंद झाल्या. पन्नाशीच्या पुढचे पुरुष दर घरात असेच भेटतात.” असेच म्हणजे कसेच? मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. “आणि या?”

“त्यांचं वय झालं. त्या काही करत नाहीत.”

मी तेव्हा घरातल्या सगळ्यांची भाजी निवडत होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुलगा आज सूनबाईच्या गोदामावर विचारायला गेला होता. शर्टाला इस्त्री स्वतः केली. दुपारी परत आला तेव्हा शर्ट तसाच कडक. आत घेतलंच नाही म्हणे. फाटकावरच वय विचारलं.

मी म्हटलं, “तिथं काय सगळी दुधाची बाळं कामाला आहेत?”

“माझ्या वयाचा एक होता की. फाटक उघडत होता.”

विनोद केला असावा. हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मला नोकरी लागली.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, तेव्हा एक ओळ सोडते.

कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, पलीकडच्या इमारतीत एका आजारी माणसाजवळ बसायला बाई हवीय. म्हटलं, नुसतं बसायचंच ना? म्हणाला, बसायचंच. ते मला जमतं, असं तर माझ्या सुनेनं सरकारला लिहून दिलंय.

आजारी माणूस म्हणजे बंदरावरचे क्रेनवाले. अर्धं अंग गेलंय, बोलणंही गेलंय. “हळू” एवढा एक शब्द उरलाय आणि एक शिवी, ती इथं लिहीत नाही. एकटी मुलगी, ऑफिसात जाते. तिनं विचारलं, “मावशी, झेपेल ना? वय काय तुमचं?”

“तुमच्या बाबांएवढं. पण माझं सगळं अंग हलतं.”

हसली. घेतलं.

घरी सांगितलं तर मुलगा खाटेवरून उठून उभा राहिला. “आई, या वयात?”

“मला फाटकावर वय विचारलं नाही कुणी.”

बोलू नये ते बोलले. पण बोलून झालं होतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

या कामात बसणं सोडून सगळं आहे. उठवा, कूस बदला, चादर काढा, पुसा, पावडर लावा, खुर्चीत बसवा, खुर्चीतून काढा. बसतो तो पेशंट. आपण उभ्या. ज्यानं याला ‘बसायचं काम’ नाव दिलं त्यानं स्वतः कधी केलेलं नसणार.

काल त्यांना खुर्चीत घेताना माझ्या कमरेतून असा काही आवाज आला की क्रेनवालेच म्हणाले, “हळू.” त्यांच्या मुलीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्या दुसरी मावशी बघेल.

मुलानं विचारलं, वाकडी का चालतेस. म्हटलं, चप्पल चावते. आज नवी मऊ चप्पल आणून ठेवलीय. घरी बसलेल्या माणसाला असले खर्च सुचतात.

बुधवार, ५ मार्च

डबा घरीच राहिला. दुपारी मुलगा घेऊन आला. नेमकी मी क्रेनवाल्यांना पलंगावरून उतरवत होते आणि ते माझ्या हातातून सुटत चालले होते. डबा दारात टाकून त्यानं मागून दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना असं अलगद खुर्चीत ठेवलं की उशीसुद्धा हलली नाही.

“हळू,” क्रेनवाले म्हणाले.

“हळूच आहे, काका,” हा म्हणाला.

भाजी सगळी दारात सांडली. मी पुसेपर्यंत दोघं टीव्हीवर कुस्ती बघत होते. म्हटलं, जा आता घरी, यांची मुलगी, मालकीणबाई, आल्या तर काय म्हणतील. जाईना.

सोमवार, १० मार्च

डोकं म्हातारं झालं माझं. आज डबा मी पिशवीत घातला होता, हे मला पक्कं आठवतं. वर रुमाल ठेवला होता. तिथं जाऊन बघते तर रुमाल आहे, डबा नाही. दुपारी मुलगा घेऊन हजर. “ओट्यावरच विसरलीस,” म्हणाला.

गुरुवार, १३ मार्च

परत विसरले. नातीला म्हटलं, मला कसली तरी भूल पडायला लागलीय, डॉक्टरला दाखवू का. तर ती बापाकडे बघून खो खो हसत सुटली. हल्लीच्या पोरांना म्हाताऱ्यांच्या आजाराचं काही वाटत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

डब्याचं आता मी मनाला लावून घेत नाही. तो रोज राहतो, मुलगा रोज आणतो, आणि आला की संध्याकाळपर्यंत हलत नाही. टीव्हीची चटक लागलीय. आमच्या टीव्हीला काय धाड भरलीय?

दोघांनी बोटांची भाषा काढलीय. क्रेनवाले उंच केबिनमध्ये बसायचे तेव्हा खालचा माणूस हातानं खुणा करायचा. अंगठा वर म्हणजे उचल, तळवा खाली म्हणजे सोड, मूठ म्हणजे थांब. आता हे खुणा करतात आणि माझा मुलगा क्रेन झालाय. मूठ वळली की थांबतो, अंगठा दिसला की उचलतो. काल दाढीसुद्धा अशीच केली, मुठी-अंगठ्यांवर. गाल गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही.

मला त्यांचं काही कळत नाही. मी एखादी गोष्ट सांगायला लागले की दोघंही बोटं हलवत असतात. परक्या गावच्या स्टेशनवर बसल्यासारखी मी कोपऱ्यात बसते. हो, आता मी खरंच बसते.

कंबर मात्र पुष्कळ बरी आहे. नव्या चपलेचा गुण असावा.

बुधवार, २ एप्रिल

आज बिंग फुटलं.

मालकीणबाई दुपारीच घरी आली. तिचं डोकं दुखत होतं. आली ती सरळ मोरीच्या दारात. आत माझा मुलगा, कोपरापर्यंत साबण, तिच्या बापाला छातीशी धरून उभा. मी बाहेर टॉवेल घेऊन.

“हे कोण?”

“मुलगा माझा. डबा द्यायला आलाय.”

साबणात डबा द्यायला. एरवी माझं मलाच हसू आलं असतं. वाटलं, गेली नोकरी.

ती त्याला म्हणाली, “तुम्ही करता काय?”

“काही नाही,” हा म्हणाला. “घरीच असतो.”

आणि ते म्हणताना हात तसूभर ढिला नाही. क्रेनवाल्यांनी मुलीकडे बघून मूठ वळली, थांब म्हणून, आणि वर ती शिवीही दिली. बापानं शिवी दिल्यावर पोरगी बाहेर येऊन सोफ्यावर बसली. मी पाणी दिलं. प्यायली, पण मला काढलं की ठेवलं ते बोलली नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

काढलं नाही. पण झालं काय ते मला नीट उमगत नाही.

मालकीणबाई म्हणाली, “मावशी, तुमचा मुलगा काल माझ्या ऑफिसात येऊन गेला.” कशाला, ते म्हणाली नाही. म्हणाली, सोमवारपासून दिवसाचं सगळं तेच पगारावर बघतील. बाबांना उचलणं, अंघोळ, व्यायाम. तुम्ही दुपारून या आणि सूप करा. बाबांना तुमच्याच हातचं सूप लागतं.

माझं सूप ते अर्धं टाकतात. एकदा थुंकले होते. पण मोठ्या माणसांना काही आवडायला लागलं तर आपण कशाला नाही म्हणायचं.

घरी मुलाला विचारलं, ऑफिसात कशाला गेला होतास? म्हणाला, पंखा बिघडलाय त्यांचा, ते सांगायला. पंखा मी दुपारी बघितला. चांगला गरगरत होता.

मंगळवार, १५ एप्रिल

तर आता आमच्या घरातून सकाळी तिघं बाहेर पडतात आणि मी शेवटची. पोरीनं फोनवर काहीतरी वाचून दाखवलं, या पट्ट्यात कारखान्यांतली माणसं कमी झाली, गोदामांतली वाढली आणि साठीच्या पुढच्या बायका कामाला लागल्या. म्हटलं, बघ, माझं नाव आलं. म्हणाली, नाव नसतं गं, नुसती टक्केवारी असते. असू दे. त्या टक्क्यात माझीही कंबर आहे.

पण या मुलाचं काय करावं? सकाळी पिशवी घेऊन निघतो तेव्हा न्हावी दुकानातून ओरडतो, “काय भट्टीवाले, कुठं लागलं का?” आणि हा म्हणतो, “छे, आईचं काम असतं, सोडायला जातोय.” आई घरात चहा पीत असते आणि हा तिला सोडायला जातो!

सूनबाई तिच्या गोदामात सांगते, मिस्टर मेडिकल लाइनमध्ये आहेत. ऐकणाऱ्याला वाटेल डॉक्टरच्या खालोखाल.

आज चहाला मी धरलाच त्याला. “लोकांना सांगत का नाहीस?”

“काय सांगू? भट्टीवरचा माणूस आता म्हाताऱ्याचं हागमूत काढतो?”

“मी तुझं काढलं. तुझ्या पोरीचं काढलं. तुझ्या बापाचं शेवटी शेवटी काढलं. मला नाही कुणी नावं ठेवली.”

“तुझं वेगळं.”

“काय वेगळं?”

“तुला बाईचं काम म्हणून कुणी विचारतच नव्हतं, आई.”

हे त्यानं माझ्या बाजूनं म्हटलं की विरुद्ध, ते अजून मला कळलेलं नाही. चहा मात्र गार झाला.

मंगळवार, ६ मे

पडले. कुठं मोठ्या डोंगरावरून नाही, मोरीच्या उंबऱ्यावरून. कमरेचं जे राहिलं होतं तेही गेलं. डॉक्टर म्हणाला, पडून राहा. पडलेल्या माणसाला आणखी काय सांगणार.

मुलगा संध्याकाळी आला आणि मला उठवायला लागला.

“मला पेशंट समजतोस?”

“गुडघे वाकव. हात माझ्या मानेभोवती टाक. ओढू नकोस, नुसती धर.”

“सूनबाईला बोलाव. तू पुरुष माणूस.”

“आई, नुसती धर.”

धरली. कुठं उचललं आणि कुठं ठेवलं ते कळलंसुद्धा नाही. कळ आली नाही. मग उशी पाठीमागे न घालता गुडघ्यांखाली घातली. मी म्हटलं, उशी चुकीच्या जागी गेली. म्हणाला, तिथंच हवी. थोड्या वेळानं पटलं, पण ते त्याला सांगितलं नाही.

“हलकी झालीस फार,” म्हणाला.

“वजनकाटा आहेस का?” म्हटलं. तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यांत कसला तरी केर गेला होता. घर झाडत नाही कुणी.

मंगळवार, १३ मे

प्रश्नवाली आली. घरात मी एकटी, खाटेवर. दार ढकललं आणि आली आत. म्हणाली, आजी, बरं नाही का, घरातल्या कुणीही उत्तर दिलं तरी चालतं. मला आनंदच झाला. म्हटलं, मागल्या वेळी चुकीच्या तोंडानं सांगितलं होतं, आता नीट ऐक.

सूनबाईचं सांगितलं. पोरीचं सांगितलं. मग मुलाचं विचारलं.

मी ठसक्यात म्हटलं, “बसतो.”

“अजून?”

“अजून म्हणजे? आता कायमचाच.”

बाईचा चेहरा पडला. मला वाटलं उन्हातून आलीय. पाणी घे म्हटलं.

“काम शोधतायत का?”

“शोधायचं कशाला? चांगला बसलाय.”

“आणि समजा एखादं काम चालून आलं, तर करतील?”

“दुसरं? छे. त्याला आता हेच आवडतं. सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो.”

“फिरतात का दिवसभर?”

“फिरेल कसा? बसतो म्हटलं ना.”

तिनं बरंच काही बोटानं आपटलं. मग माझी पाळी. या वेळी स्वतःहून विचारलं, सुधारलीय. “गेल्या आठवड्यात तुम्ही एक तास तरी काही काम केलंत का?”

“या खाटेवरून उठता आलं असतं तर केलं असतं.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी मीही बसतच होते.”

“बरं,” म्हणाली. जाताना माझ्या हातावर हात ठेवला. बाई मनानं चांगली आहे. म्हणाली, आठवड्याभरात ऑफिसातून तपासणीचा फोन येईल, सगळं बरोबर लिहिलंय ना ते विचारतील, कुणीही सांगितलं तरी चालेल.

इतकी नीट उत्तरं मी दिली की तपासायचं काय राहिलं, कुणास ठाऊक.

बुधवार, १४ मे

रात्री जेवताना नातीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती, मग ऐकता ऐकता तिनं कपाळाला हात लावला.

“आजी! बसतो म्हणालीस?”

“मग? आजारी माणसाजवळ बसतो, त्याला दुसरं काय म्हणतात?”

“अगं, तिला काय कळणार कुणाजवळ? तू बाबांना पार बेकार करून टाकलंस. बेकारसुद्धा नाही. काम नाही, शोधत नाहीत, दिलं तर नको म्हणतात! ते मोजणीतच येत नाहीत. आणि तूही नाहीस.”

सूनबाई हसायला लागली आणि मध्येच थांबली, कारण मुलगा हसत नव्हता.

“तिला फोन लाव,” मी म्हटलं. “आत्ता लाव. मी सांगते, माझा मुलगा एका आडव्या माणसाला रोज उभा करतो म्हणून. गेल्या आठवड्यात क्रेनवाले खिडकीपर्यंत चालत गेले, याच्या खांद्यावर हात टाकून. ते कुठल्या रकान्यात बसतं ते विचारते तिला.”

“राहू दे, आई,” तो म्हणाला. “बरोबरच लिहिलंय तिनं. मी तरी कुठं कुणाला वेगळं सांगतो.”

ताट उचललं, धुतलं, जागच्या जागी ठेवलं. मग मला उठवून खाटेवर घेतलं, गुडघ्यांखाली उशी सरकवली. हात गरम होते त्याचे, साबणानं रखरखीत. भट्टी विझली तेव्हाचं त्याचं बोलणं आठवलं. म्हणाला होता, भट्टी एकदा विझली की आतली काच आतच गोठते, मग ती फोडूनच काढावी लागते.

गुरुवार, १५ मे

सकाळपासून पडल्या पडल्या विचार केला. दुसरं काम काय आहे मला?

मी सांगितलं तर मी त्याची आई, मी वाढवूनच सांगणार. सूनबाई सांगेल मेडिकल लाइन. पोरगी फडाफडा बरोबर सांगेल आणि तो आतल्या खोलीत कपड्यांच्या राशीजवळ उभा राहील. सगळ्यांनी त्याच्या वतीनं सांगून झालं. न्हाव्यालासुद्धा तो माझंच नाव सांगतो.

म्हणून लिहून ठेवते आणि पोरीकडून मोठ्यानं वाचून घेते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी बोललीच नव्हती. तपासणीचा फोन सूनबाईच्या मोबाइलवर येईल. तिनं उचलायचा, “थांबा, देते” एवढंच म्हणायचं आणि त्याच्या हातात ठेवायचा. तो अंघोळीत असला तर फोनवाल्यांनी थांबायचं. पोरीनं शेजारून शब्द पुरवायचे नाहीत. मी खोकणारसुद्धा नाही. काय काम करता असं विचारल्यावर त्याला कितीही वेळ लागू दे, तोंडात शब्द अडकू दे, घाम फुटू दे. या घरात त्या प्रश्नाला दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही. ते त्यानंच द्यायचं.